रंगमंचावरील शिवी : स्टँड-अप विनोदकारासमोरील औचित्याचा प्रश्न

प्रस्तावना

विद्यमान काळात 'स्टँड-अप कॉमेडी' हा एकपात्री विनोदाचा प्रकार महाविद्यालयीन तरुणांमध्ये विलक्षण लोकप्रिय झालेला आहे. महानगरांतील छोट्या सभागृहांत रुजलेला हा प्रकार भ्रमणध्वनीच्या माध्यमातून भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या गावापर्यंत पोहोचला असून स्नेहसंमेलनात एकांकिका व समूहनृत्य यांच्या जोडीने दहा मिनिटांचे 'स्टँड-अप' सादर करण्याची मागणी विद्यार्थी करू लागले आहेत. या मागणीबरोबर एक प्रश्नही अपरिहार्यपणे येतो, तो म्हणजे रंगमंचावर शिवी उच्चारावी काय? विनोदकाराच्या दृष्टीने हा कलेचा प्रश्न असतो, तर संहिता तपासणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने तो शिस्तीचा प्रश्न असतो.

या परिसरातील एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखक तेव्हा सांस्कृतिक समितीचा सदस्य होता. एका विद्यार्थ्याने धान खरेदी केंद्रावर आजोबांसोबत काढलेल्या दोन दिवसांवर एक विनोदी कथन लिहून आणले. समितीने त्या संहितेत सात ठिकाणी लाल रेघा ओढल्या. आजोबांच्या तोंडच्या दोन शिव्या काढण्यास सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, आजा शिवी देते तवाच तो आजा वाटते. शिवी काढली का तो कोनाचाबी आजा होते." समितीने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. कार्यक्रम 'शुद्ध' स्वरूपात पार पडला. मात्र त्या सात रेघा योग्य ठिकाणी ओढल्या गेल्या होत्या काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मनात कायम राहिला. सदर लेख हा त्या प्रश्नाचा शोध होय.

लेखाची उद्दिष्टे

१) शिवीमुळे हशा कसा निर्माण होतो, हे समजून घेणे.
२) झाडीपट्टीतील लोकरंगभूमीच्या संदर्भात या प्रश्नाची मांडणी करणे.
३) भारतीय काव्यशास्त्र व प्रचलित कायदा यांच्या आधारे शिवीचे वर्गीकरण करणे.
४) विनोदकाराला आणि संहिता तपासणाऱ्या शिक्षकाला उपयोगी पडतील असे निकष सुचविणे.

शिवी आणि हशा

सिग्मंड फ्रॉईड याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विनोदविषयक ग्रंथात निरुपद्रवी विनोद आणि हेतुगर्भ विनोद असा भेद केला. हेतुगर्भ विनोद हा कामुक किंवा आक्रमक असतो आणि समाजाने दडपलेल्या प्रवृत्तीला वाट करून देतो. अशा विनोदात बोलणारा, ज्याच्यावर बोलले जाते तो आणि ऐकून हसणारा अशा तीन व्यक्ती असतात, हे त्याचे निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. शिवीचा विचार करताना आपण बहुधा बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा विचार करतो. ज्याच्यावर बोलले जाते ती दुसरी व्यक्ती आपल्या लक्षातून निसटते. मराठीतील बहुसंख्य जहाल शिव्या आई आणि बहीण यांच्यावरून रचलेल्या आहेत. त्या पुरुषाला उद्देशून दिल्या जातात, परंतु त्यांचा आघात तेथे उपस्थितही नसलेल्या स्त्रीवर होत असतो.

तांत्रिक अंगाने पाहता शिवीचे कार्य दुहेरी असते. एक तर ती वाक्याला आघात देते. विनोदाची उभारणी करून शेवटच्या शब्दावर कलाटणी देणे हे या कलेचे मर्म असून तेथे ठसकेबाज उच्चाराचा शब्द आला की कलाटणी अधिक जोरकस वाटते. दुसरे असे की निषिद्ध शब्द उघडपणे ऐकल्याचा धक्का हाच हसण्याचे कारण ठरतो. येथेच विनोदकाराची फसगत होते. प्रेक्षक कल्पनेला हसले की केवळ धक्क्याला, हे त्याला कळेनासे होते. शिवाय धक्क्याचा प्रभाव पुनरावृत्तीने झपाट्याने घटतो. पहिल्या शिवीला जो हशा मिळतो तो दहाव्या शिवीला मिळत नाही, म्हणून मग अधिक जहाल शब्द शोधावा लागतो.

खडी गंमत ते स्टँड-अप

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीला उभ्याने सादर होणाऱ्या विनोदाची परंपरा नवीन नाही. 'खडी गंमत' या लोकनाट्यप्रकाराच्या नावातच उभे राहणे आहे. 'स्टँड-अप' या शब्दाचाही मूळ अर्थ तोच आहे. ढोलकी, टुणटुणे व झांज यांच्या साथीने शाहीर, सोंगाड्या आणि स्त्रीवेषातील पुरुष नट हा खेळ रंगवितात. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत दिवसा दंडार व खडी गंमत आणि रात्री नाटक हा क्रम आजही अनेक ठिकाणी आढळतो. या लोककला आणि झाडीबोली यांच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांमुळे विद्वत्क्षेत्रात स्थान मिळाले. झाडीपट्टी रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी गाजलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान प्राप्त झाला, ही घटनाही या परंपरेच्या प्रतिष्ठेची निदर्शक आहे.

खडी गंमतीचा विनोद सोवळा नाही. परंतु त्याचे बळ उघड शिवीपेक्षा द्व्यर्थी बोलण्यात अधिक आहे. द्व्यर्थी वाक्यात बोलणारा निर्दोष राहतो आणि दुसरा अर्थ श्रोता स्वतःच्या मनात पूर्ण करतो. दादा कोंडके यांनी 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात आणि पुढे चित्रपटांत हेच तंत्र वापरले. याचे सामाजिक कारण स्पष्ट आहे. मंडईच्या प्रेक्षकांत आजी, सून, नातू आणि गावातील वडीलधारी मंडळी एकत्र बसलेली असतात. प्रत्येकाला आपापल्या समजेप्रमाणे अर्थ घेता यावा अशी सोय द्व्यर्थी वाक्यात असते, उघड शिवीत ती नसते.

या विनोदावर नियंत्रण आणण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली आणि त्यानंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमली गेली. भंडारा जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

एकपात्री विनोदाची दुसरी परंपरा नागर आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर एकट्याने उभी केली, तर लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात अनेक व्यक्तिरेखा साकारल्या. विदर्भात शंकर बडे यांनी वऱ्हाडी बोलीतील कथनाने श्रोते खिळवून ठेवले. या कलावंतांना शिवीचा आधार घ्यावा लागला नाही. हिंगणघाटचे सुनील पाल हे २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' या दूरचित्रवाणी स्पर्धेचे विजेते ठरले. त्यांनी शिवराळ विनोदावर अनेकदा जाहीर टीका केलेली आहे. याउलट डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत झालेल्या 'एआयबी नॉकआउट' या कार्यक्रमात शिवीगाळ हाच सादरीकरणाचा गाभा होता. त्याची चित्रफीत प्रसारित होताच मोठे वादळ उठले व ती मागे घ्यावी लागली. सभागृहातील प्रेक्षक स्वेच्छेने तिकीट काढून आले होते. वाद पेटला तो चित्रफीत घराघरांत पोहोचल्यानंतर, ही बाब लक्षणीय आहे.

अश्लील आणि ग्राम्य

अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट यांनी 'काव्यप्रकाश' या ग्रंथात पददोषांची चर्चा करताना अश्लीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत. लज्जा उत्पन्न करणारा तो व्रीडाव्यंजक, किळस उत्पन्न करणारा तो जुगुप्साव्यंजक आणि अशुभ सूचित करणारा तो अमंगलव्यंजक होय. मराठी शिव्यांना हे वर्गीकरण आश्चर्यकारकरीत्या लागू पडते. लैंगिक शिव्या पहिल्या प्रकारात मोडतात, मलमूत्रविषयक शिव्या दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि 'मेल्या', 'मुडद्या' यांसारखे ग्रामीण स्त्रियांच्या तोंडी सहज येणारे शब्द तिसऱ्या प्रकारात मोडतात. शेवटच्या प्रकारातील शब्दांची धार आता इतकी बोथट झाली आहे की आई आपल्या मुलाला मायेनेही तसे म्हणते.

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. मम्मटांच्या यादीत 'ग्राम्य' हा दोष 'अश्लील' या दोषापासून स्वतंत्र आहे. जो शब्द केवळ सामान्य लोकांच्या बोलण्यात येतो तो ग्राम्य होय आणि तो अश्लील असेलच असे नाही. सुशिक्षितांच्या मनात मात्र या दोहोंची सरमिसळ झालेली असते. झाडीबोलीत 'ण' ऐवजी 'न' आणि 'ळ' ऐवजी 'र' येतो. त्यामुळे 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चे 'डोरा' होते. 'पोट्टा', 'बुढा' हे शब्द आणि 'काय बे' ही हाक या भागात मित्रमंडळींत व घराघरांत ऐकू येते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कानाला ती उद्धट वाटू शकते, परंतु ती शिवी नव्हे.

प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या सात लाल रेघांकडे या दृष्टीने पाहिले असता वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे दिसते. सातपैकी पाच रेघा 'बे', 'पोट्टा', 'बुढा' अशा शब्दांखाली होत्या. म्हणजे ते शब्द फार तर ग्राम्य होते. उरलेल्या दोन रेघा आजोबांच्या शिव्यांखाली होत्या. त्यांपैकी एक वजनकाट्याला दिलेली 'मुडद्या' ही अमंगलव्यंजक शिवी होती आणि दुसरी उघड्यावर पडलेले धान भिजविणाऱ्या अवकाळी पावसाला दिलेली लैंगिक शिवी होती. पाऊस आणि काटा यांच्याखेरीज त्या शिव्यांनी कोणालाही स्पर्श केला नव्हता. समितीने भाषिक शुद्धतेच्या नावाखाली एका विद्यार्थ्याच्या घरची बोली कापली, असेच म्हणावे लागते.

दोषांच्या संदर्भात शास्त्रकारांची भूमिका ताठर नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. वक्ता, प्रसंग व रस यांनुसार काही दोष दोष राहत नाहीत, क्वचित ते गुणही ठरतात, असे त्यांनी मानले. क्षेमेंद्राने तर औचित्य हेच काव्याचे जीवित मानले. आधुनिक मराठी रंगभूमीवर याचे ठळक उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' (१९७२) हे नाटक होय. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि तेथे त्यांना न्याय मिळाला. सखारामची शिवराळ भाषा त्याच्या स्वभावातून आणि जीवनातून येते. ती वगळल्यास ती व्यक्तिरेखाच उरत नाही. आमच्या विद्यार्थ्याने आजोबांविषयी जे म्हटले, ते तत्त्वतः यापेक्षा वेगळे नव्हते.

चौथा वर्ग

मम्मटांच्या वर्गीकरणात एक मोठी उणीव राहते. जात, अपंगत्व, रंग किंवा व्यवसाय यांवरून मनुष्याला हीन ठरविणारा शब्द त्या तीन प्रकारांपैकी कशातच बसत नाही. त्या शब्दाने उच्चवर्णीय रसिकाला लाज वाटत नव्हती, किळस येत नव्हती किंवा अशुभाची भीतीही वाटत नव्हती. म्हणून तो शास्त्राच्या दृष्टीने अश्लील ठरला नाही. ज्याच्यावर तो शब्द फेकला जात होता, तो रसिकांच्या पंक्तीत गृहीतच धरलेला नव्हता. हा चौथा वर्ग 'अवमानव्यंजक' या नावाने मानावा, असे प्रस्तुत लेखक सुचवितो.

आमच्या समितीच्या हातूनही नेमकी हीच चूक झाली. त्या संहितेत अडखळत बोलणाऱ्या एका हमालाची नक्कल होती. तीत एकही शिवी नव्हती, म्हणून तिच्याखाली कोणीही रेघ ओढली नाही. प्रस्तुत लेखकानेही ओढली नाही. कार्यक्रमात सर्वांत मोठा हशा त्या नकलेलाच मिळाला. प्रेक्षकांत अडखळत बोलणारा आमचाच एक विद्यार्थी होता. पुढच्या आठवड्यात त्याने अंतर्गत मूल्यमापनातील तोंडी सादरीकरणाऐवजी लेखी काम द्यावे, अशी विनंती केली. त्याने कारण सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

या संदर्भात अमेरिकन विनोदकार रिचर्ड प्रायर याचे उदाहरण उद्बोधक ठरते. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा एक अपमानकारक शब्द त्याने अनेक वर्षे आपल्या कार्यक्रमांत मुक्तपणे वापरला होता. तो स्वतः कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला तो अधिकार आहे, असे मानले जाई. १९७९ मधील केनियाच्या प्रवासानंतर मात्र त्याने तो शब्द सोडला आणि आपल्या प्रयोगातून तसे जाहीरपणे सांगितले. लैंगिक शिव्या त्याने पूर्णपणे सोडल्या नाहीत. कोणता शब्द टाकावा आणि कोणता ठेवावा याचा हा कलावंताने स्वतः केलेला विवेक होता.

कायद्याची भूमिका

भारतीय दंड संहितेचे कलम २९४ हे आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९६ म्हणून समाविष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील शब्द उच्चारल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु 'अश्लील' म्हणजे काय, याविषयी न्यायालयांची भूमिका क्रमाने बदलत गेली आहे. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' या मराठी कथेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकाला दोषमुक्त केले. १९ मार्च २०२४ रोजी 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने शिवराळपणा व असभ्यता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे स्पष्ट केले. तरुण पात्रे राग किंवा उत्साह व्यक्त करताना शिवीचा शब्दशः अर्थ अभिप्रेत धरत नाहीत, हे न्यायालयाने ध्यानात घेतले.

चौथ्या वर्गाच्या बाबतीत मात्र कायदा अधिक कठोर आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना सार्वजनिक दृष्टिपथात जातिवाचक शिवीगाळ करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. अपंग व्यक्तीचा सार्वजनिकरीत्या हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला कमी लेखणारा विनोद यांत भेद केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट' या कार्यक्रमातील असभ्य प्रश्नावरून देशभर गदारोळ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने काही विनोदकारांना जाहीर क्षमायाचना करण्यास सांगितले, ते मात्र अपंगांची थट्टा केल्याबद्दल होते. याचा अर्थ असा की, ज्या विनोदाकडे आपल्या समितीचे लक्षही गेले नव्हते, त्याचीच न्यायालयाने आवर्जून दखल घेतली.

माध्यमाचा विचारही कायद्याला करावा लागला आहे. अमेरिकेत लेनी ब्रूस याला न्यूयॉर्कमधील प्रयोगांबद्दल १९६४ मध्ये अश्लीलतेसाठी दोषी ठरविण्यात आले. त्याच्या मृत्यूनंतर २००३ मध्ये त्याला माफी देण्यात आली. जॉर्ज कार्लिन याचे निषिद्ध शब्दांवरील गाजलेले कथन नभोवाणीवरून प्रसारित झाले तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नियामक संस्थेचा अधिकार मान्य केला. नभोवाणी घरात शिरते आणि मुलेही ती ऐकतात, हे त्याचे प्रमुख कारण होते. आज प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती चित्रण करणारा भ्रमणध्वनी असल्यामुळे बंद सभागृहातील प्रयोगही तितकाच खुला झाला आहे.

निर्णयाचे निकष

कायद्याने मुभा दिली म्हणून कलेचा प्रश्न सुटत नाही. उपरोक्त विवेचनाच्या आधारे विनोदकाराने शिवी उच्चारण्यापूर्वी स्वतःला पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, शिवी काढल्यावर विनोद उरतो काय? सराव प्रयोगात तोच विनोद एकदा शिवीसह आणि एकदा शिवीविना सादर करून पाहावा. हशा टिकल्यास शिवी अनावश्यक होती. हशा पूर्णपणे नाहीसा झाल्यास मुळात विनोदच नव्हता. हशा टिकूनही व्यक्तिरेखा निस्तेज झाली, तरच शिवीचे स्थान विचारात घेण्याजोगे आहे.

दुसरा प्रश्न, ती कोणाच्या तोंडची आहे? पात्राच्या तोंडची शिवी त्या पात्राचे जीवन उघड करते. विनोदकाराच्या स्वतःच्या तोंडी पालुपदासारखी येणारी शिवी बहुधा केवळ सवयीचा भाग असते.

तिसरा प्रश्न, तिचा आघात कोणावर होतो? पावसावर, काट्यावर, व्यवस्थेवर किंवा स्वतःवर होणारा आघात वेगळा आणि प्रेक्षकांत खाली मान घालून बसलेल्या दुर्बळ व्यक्तीवर होणारा आघात वेगळा. येथे आई-बहिणींवरून रचलेल्या शिव्यांचाही पुनर्विचार करावा लागतो.

चौथा प्रश्न, ऐकणारे कोण आहेत आणि त्यांनी ते ऐकण्याचे स्वीकारले आहे काय? प्रौढांसाठी जाहीर केलेला तिकिटाचा प्रयोग, मंडईचे पटांगण आणि महाविद्यालयाचे संमेलन येथील श्रोतृसमूह एक नाहीत. संमेलनाला विद्यार्थ्यांचे पालक येतात, हे वास्तव विनोदकाराला नाकारता येणार नाही. पावसाला दिलेली ती लैंगिक शिवी संमेलनात गाळावी लागली असती, हे प्रस्तुत लेखकाला आजही मान्य आहे. मात्र 'मुडद्या' राहू शकला असता आणि बोलीतील पाचही शब्द राहायलाच हवे होते.

निष्कर्ष

१) शिवी हा एकजिनसी प्रकार नाही. लज्जास्पद, किळसवाणी, अमंगल आणि अवमानकारक असे तिचे चार वर्ग मानणे उपयुक्त ठरते.
२) पहिल्या तीन वर्गांचा प्रश्न औचित्याचा आहे. प्रसंग, पात्र व प्रेक्षक यांनुसार त्याचे उत्तर बदलते. चौथ्या वर्गाचा प्रश्न नीतीचा आहे आणि त्याचे उत्तर रंगमंचाच्या प्रकारानुसार बदलत नाही.
३) ग्राम्य आणि अश्लील यांत गल्लत केल्यास सेन्सॉरची कात्री प्रथम बोलीवर चालते. झाडीबोली ही अशुद्ध मराठी नव्हे.
४) खडी गंमतीने विकसित केलेले द्व्यर्थी बोलण्याचे तंत्र आजच्या विनोदकाराला मिश्र श्रोतृसमूहासमोर मार्गदर्शक ठरू शकते. मात्र स्त्रीला लक्ष्य करणारी द्व्यर्थताही तिसऱ्या निकषातून सुटत नाही.
५) संहिता तपासणाऱ्या समितीने शब्दांखाली रेघा ओढण्यापूर्वी प्रत्येक विनोदाचे लक्ष्य कोण आहे, हे पाहावे. ज्या विनोदात शिवी नाही तोही याच कसोटीवर तपासला जावा.

पुढील संमेलनापूर्वी समितीच्या पहिल्या बैठकीत हे निकष चर्चेसाठी ठेवावेत आणि त्या चर्चेत सादरीकरण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बोलवावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. निर्णयाची जबाबदारी पेलण्याची सवय विद्यार्थ्याला महाविद्यालयातच लागली, तर बाहेरच्या रंगमंचावर त्याला कोणाच्या लाल रेघेची वाट पाहावी लागणार नाही.